आर्किटेक्ट म्हणून शिकलेला माणूस चांगला निसर्गचित्रकार होऊ शकतो का? की रेषेची शिस्त आडवी येते?

नक्की होऊ शकतो, आणि ती शिस्त आडवी तर येत नाहीच, उलट तीच कामी येते. उदाहरणच द्यायचं तर: चार्ल्स रेनी मॅकिंटॉश.

ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत आणि हेलेन्सबरामधलं हिल हाउस यांचा हा स्कॉटिश आर्किटेक्ट. १९१४ साली इंग्लंडमधल्या वॉल्बर्सविक गावी राहून त्याने फुलांची फार सुरेख चित्रं काढली. पुढे महायुद्धानंतर इमारतींची कामं जवळपास बंदच झाली. १९२३ साली, पंचावन्नाव्या वर्षी, तो पत्नी मार्गारेटबरोबर दक्षिण फ्रान्सला गेला. ती स्वतःही चित्रकार. पोर-व्हांद्र बंदरातल्या हॉटेलात राहून तो नुसती जलरंगातली चित्रं करू लागला.

त्यातलं १९२७चं 'द रॉक' नेटवर शोधा आणि मोठं करून बघा. पुढे अवाढव्य खडक, मागे बंदरातली घरं. खडकाचे पैलू त्याने भिंतींसारखेच पाडलेत: प्रत्येक पृष्ठाची कड स्वच्छ, आत बेतलेला रंग. ओल्या कागदावर रंग पसरू देण्याची जी मजा आपण जलरंगात घेतो, ती इथे जवळपास नाहीच. माणसंही नाहीत. तरी चित्र कोरडं वाटत नाही, कारण खडकाचा भार कुठे टेकलाय हे या माणसाला कळतं. त्याच वर्षीच्या 'ल फोर मायेर'मध्ये तर किल्ला आणि त्याखालचे दगडाचे थर एकाच बांधकामाचे वाटतात. मला त्याचं हेच चित्र सगळ्यात थोर वाटतं.

काम मात्र संथ. बाहेर बसून काढायचं, त्यात तिथला वारा. चार वर्षांत जेमतेम चाळीसेक चित्रं झाली. १९२७ साली जिभेच्या कॅन्सरमुळे लंडनला परतावं लागलं आणि १० डिसेंबर १९२८ला तो गेला. ग्लासगोत त्याचं स्मृतिप्रदर्शन भरलं ते १९३३ साली. या माणसाला आणखी दहा वर्षं मिळायला हवी होती, असं ही चित्रं बघताना दर वेळी वाटतं.

तेव्हा तुम्ही स्वतः या वळणावर असाल, तर शिकलेलं विसरायच्या मागे लागू नका. डोंगर रंगवण्याआधी त्याचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, मनात काढा: थर कुठे, उतार कुठे सुटतो, सावली कुठल्या पृष्ठावर पडते. आपल्या सह्याद्रीचे कडे तर थरांचेच आहेत, तिथून सुरुवात करा.