अंटार्क्टिकाशी उपग्रहावरून व्हिडिओ मीटिंग नीट चालते का?

चालते, पण अडचण वेगापेक्षा अंतराची असते. भूस्थिर उपग्रह, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह, विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी उंचीवर असतो. तुमचा आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, म्हणजे प्रश्न विचारून उत्तर ऐकेपर्यंत किमान अर्धा सेकंद. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ किंवा ‘भारती’ या भारतीय केंद्रांशी बोलायचं तर हे गृहीत धरा. दोन्ही केंद्रं ७० अंश दक्षिणेच्या आसपास आहेत, त्यामुळे तिथे अँटेना जवळजवळ क्षितिजाकडे रोखावी लागते. थेट दक्षिण ध्रुवावर तर नेहमीचा भूस्थिर उपग्रह दिसतच नाही.

दोन दूरची केंद्रं मधल्या हबमार्फत, म्हणजे जमिनीवरच्या मुख्य स्थानकामार्फत जोडली, तर आवाज दोनदा वर-खाली जातो आणि उशीर दुप्पट होतो. तेव्हा माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, मग दोघंही गप्प बसतात. म्हणून अध्यक्षाने नाव घेऊनच प्रश्न विचारावा आणि उत्तरासाठी मनात ‘एक, दोन’ मोजावं. बाकीच्यांनी माइक बंद ठेवावा. स्लाइड्स आदल्या दिवशीच पाठवा. लिंक अडखळली तर आधी चित्र बंद करा, आवाज जपा. चर्चा आवाजावरच चालते.

साधारण ५५० किमी उंचीच्या उपग्रहांवर हा उशीर जाणवत नाही, तेव्हा सोय असेल तर तेच घ्या.