स्त्रियांच्या पिढीजात भूमिकांवर पाच मिनिटांची नृत्यफिल्म करायची आहे. कोणता नृत्यप्रकार घ्यावा?

कोणताही घ्या, पण जातं आणि स्लो मोशन नको. हात जोडते.

आमच्या मंगळागौरीच्या मंडळावर अशीच एक फिल्म झाली. दिग्दर्शक जाऊबाईंच्या ओळखीतला. जाऊबाई कथक शिकलेल्या. 'फुगडी हा व्यायाम आहे, नाच नाही' हे त्यांचं मत मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. तर त्या मुलाने आम्हाला नऊवारी-नथीत जात्यापाशी बसवलं आणि म्हणाला, "काकू, जरा सोसल्यासारखा चेहरा करा." जात्यात दाणा नाही! मग खेळ घेतले. चवड्याला चवडे, हातांची फुली, सगळं अंग मागे झोकून फुगडी घातली की समोरचीच्या मनगटात आपली बोटं रुततात. तिने सोडलं तर आपण थेट भिंतीवर. हे सगळं त्याने कापलं. का, तर म्हणे आम्ही हसत होतो. उरली बासरी आणि पदर.

अहो, सासर-माहेर, दागिने, रांधा-वाढा हा सगळा वारसा त्या खेळांतच आहे, आणि त्याची टिंगलही तिथेच. 'किस बाई किस'मध्ये दोडका किसता किसता नाच होतो. पिंग्यात दोन बाजू एकमेकींच्या माणसांना नावं ठेवतात. 'नाच गं घुमा' घ्या: नाच म्हटलं की ही म्हणते सोनार आला नाही, दागिना नाही, कशी मी नाचू? कडव्यागणिक नवी सबब, आणि बाई नाचतेच आहे. पाच मिनिटांना एवढी कथा पुरे.

तंत्राचं म्हणाल तर माया डेरेन यांची १९४५ची जेमतेम तीन मिनिटांची मूक नृत्यफिल्म बघा, लेकीने मला दाखवली. नर्तक पाय उचलतो रानात आणि टेकवतो घरात. तशी गिरकी आजीच्या माजघरात सुरू करा, नातीच्या फ्लॅटमध्ये थांबवा. निवेदन नकोच.

हां, मंगळागौर सवाष्णींची. विधवेला तिथे पाट नव्हता. तेव्हा माझ्या भरवशावर सगळं गोडगोड दाखवू नका. आणि लावणी घेणार असाल तर विषयच वेगळा. कित्येक कोल्हाटी घरांत पोरीने नाचून घर चालवायचं, हेच पिढीजात ठरलेलं. तिथे आमची फुगडी चिकटवू नका.

कथकच्या मुली घेतल्यात तरी चालेल, पण आधी त्यांना एखाद्या मंडळात जागरणाला पाठवा. दंडफुगडीत दम टिकला तर घ्या. जाऊबाईंचा दुसऱ्याच फेरीला सुटला होता.