करिअर मार्गदर्शन : कर्नेलमधील डेडलॉक आणि पुढची वाट

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. प्रकल्प म्हणून मी लिनक्ससाठी छोटी फाइल सिस्टिम लिहिली. एरवी ती नीट चालते. पण मेमरी कमी पडली की फाइल लिहिणारी प्रोसेस मध्येच अडकते आणि किल करूनही जात नाही. मार्गदर्शक म्हणतात, कर्नेलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, नाद सोडून ॲप डेव्हलपमेंटकडे वळा. त्यांचे ऐकावे का? सोबत स्टॅक ट्रेस (प्रोसेस अडकली तेव्हा कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले होते, त्याची यादी) जोडला आहे.

उत्तर : केवळ या अडचणीमुळे वाट बदलू नका. तुम्ही ज्या दोषाशी झुंजत आहात, तो फाइल सिस्टिम आणि स्टोरेज ड्रायव्हर लिहिणाऱ्या अनुभवी लोकांनाही चुकलेला नाही.

तुमचा ट्रेस खालून वर वाचला की सगळा प्रकार उलगडतो. फाइल लिहिताना तुमचा कोड जर्नलचे, म्हणजे बदलांच्या नोंदवहीचे, लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) घेतो आणि ते हातात असतानाच जीएफपी_कर्नेल हा मेमरीच्या नेहमीच्या मागणीचा फ्लॅग देऊन मेमरी मागतो. मेमरी शिल्लक नसल्याने कर्नेल त्याच थ्रेडला (चालू असलेल्या कामाच्या धाग्याला) डायरेक्ट रिक्लेमच्या, म्हणजे मेमरी मोकळी करण्याच्या, कामाला जुंपतो. रिक्लेम आयनोडची (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींची) कॅशे रिकामी करू लागतो आणि त्यासाठी तुमच्याच फाइल सिस्टिमच्या फंक्शनला बोलावतो. ते फंक्शन पुन्हा जर्नलचे तेच लॉक मागते. दुसऱ्या कोणाचा संबंध नसताना थ्रेड स्वतःचीच वाट पाहत बसतो; हाच डेडलॉक. ही प्रतीक्षा ‘डी’ अवस्थेतली, म्हणजे सिग्नलनेही न मोडणारी, असल्यामुळे किलचा सिग्नल तिथे पोहोचूनही उपयोग होत नाही.

जीएफपी_नोएफएस वापरल्यास रिक्लेम फाइल सिस्टिममध्ये शिरत नाही, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मात्र हा फ्लॅग सरसकट सगळीकडे लावणे मला पटत नाही; त्याने रिक्लेमचे हात बांधले जातात आणि तो नेमका कोणत्या लॉकसाठी लावला होता, हे वर्षभराने लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. शक्य तिथे लॉक घेण्याआधीच मेमरी मागून ठेवावी. ते जमत नसेल, तर २०१७ पासून कर्नेलमध्ये असलेली मेमॲलॉक_नोएफएस_सेव्ह आणि मेमॲलॉक_नोएफएस_रिस्टोअर ही जोडी लॉकच्या दोन्ही टोकांना लावावी, म्हणजे मधल्या प्रत्येक मागणीला तेच बंधन आपोआप लागू होते. कारण मात्र शेजारी टिप्पणीत लिहावे. डिस्कसारखी साधने चालवणाऱ्या ब्लॉक ड्रायव्हरमध्ये हीच अडचण आय/ओच्या (डेटा वाचण्या-लिहिण्याच्या) रूपाने येते. तिथे जीएफपी_नोआयओ हा फ्लॅग आणि आधीच राखून ठेवलेला मेमपूल (मेमरीचा राखीव साठा) कामी येतो, कारण डर्टी पाने, म्हणजे बदललेली पण अजून डिस्कवर न गेलेली पाने, डिस्कवर लिहून मेमरी मोकळी करण्यासाठीही थोडी मेमरी लागतेच.

दोष पकडण्यासाठी मेमरी संपण्याची वाट पाहू नका. २००६ मध्ये कर्नेलमध्ये आलेले लॉकडेप, हे लॉक घेण्याचा क्रम तपासणारे साधन, चालू करा. रिक्लेमलाही ते एक काल्पनिक लॉक मानते, त्यामुळे जर्नलचे लॉक एकदा रिक्लेमच्या आत घेतले गेले आणि एकदा ते हातात असताना जीएफपी_कर्नेलने मेमरी मागितली गेली, तर या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी, प्रत्यक्ष काही न अडकता घडल्या तरीही ते इशारा देते. त्याचा अहवाल सुरुवातीला भयंकर वाटतो. कोणते लॉक कोणाच्या आत घेतले, एवढेच आधी कागदावर काढा.

आता करिअरविषयी. या क्षेत्रात जागा ॲप डेव्हलपमेंटच्या मानाने कमी असतात आणि शिकण्यास वेळ लागतो, ही मार्गदर्शकांची काळजी रास्त आहे. सी भाषा, समांतर प्रोग्रॅमिंग आणि इतरांचा कोड तासन्‌तास वाचण्याची चिकाटी असेल, तरच पुढे जा. तुमच्या पत्रातून ती दिसते, कारण अडकलेल्या प्रोसेसचा ट्रेस काढून पाठवणारे विद्यार्थी थोडे असतात. स्टोरेज, डेटाबेस आणि क्लाउड यंत्रणांत काम करताना हे कौशल्य उपयोगी पडते, मग पदाच्या नावात ‘कर्नेल’ हा शब्द असो वा नसो.

प्रकल्पाच्या अहवालात हा दोष लपवू नका. दुरुस्तीपूर्वीचा ट्रेस, लॉकडेपचा इशारा आणि बदललेला कोड असे एक स्वतंत्र प्रकरण लिहून मार्गदर्शकांना दाखवा. मुलाखतीत हाच विषय आपणहून काढा आणि जीएफपी_नोएफएस सगळीकडे का लावला नाही, या प्रश्नाची तयारी ठेवा.