आमचा लॅब्रॅडॉर 12 वर्षांचा आहे. वजन तेवढंच, पण मागचे पाय बारीक होत चाललेत. हे म्हातारपण समजून सोडून द्यायचं का?

सोडून देऊ नका, आणि वजनावर विसंबू नका. स्नायू झिजून त्या जागी चरबी वाढली की काटा हलत नाही. त्यापेक्षा हात फिरवून बघा: डोक्याच्या दोन्ही बाजू, फरे (खांद्याची हाडं), पाठीचा कणा, कंबर. हाडं टोचत असतील तर झीज नक्की आहे.

वयानुसार स्नायू थोडे उतरतात, पण लॅब्रॅडॉरच्या मागच्या पायांत बरेचदा सांध्याचं दुखणं दडलेलं असतं. दुखतो म्हणून तो पाय कमी वापरतो, वापर नाही म्हणून स्नायू जातो आणि सांध्यावर आणखी भार येतो. कुत्री दुखणं बोलून दाखवत नाहीत, नुसती उठायला वेळ लावतात. म्हणून आधी डॉक्टर. सांध्यांबरोबर किडनी, थायरॉइड, हृदय आणि आपल्याकडे सर्रास आढळणारा गोचीडताप हेही तपासून घ्या. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे. घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मात्र कधीही देऊ नका, जिवावर बेतू शकतं.

'आता वय झालं, मांस बंद, दूध-चपाती द्या' हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. मला तो ऐकून फार वाईट वाटतं, कारण उतारवयातच प्रथिनं जास्त लागतात. किडनी ठीक असेल तर उकडलेलं चिकन, अंडं, काटे काढलेला मासा द्या, कांदा-लसूण अजिबात नको. किडनी बिघडलेली असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. फिश ऑइलचंही त्यांनाच विचारा.

एकदम लांब फिरवण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं चालवा, उन्हाच्या आधी किंवा रात्री. पावसात बिल्डिंगच्या पॅसेजमध्येही चालेल. बसवून पुन्हा उभं करणं हा मांड्यांचा सोपा व्यायाम, पण दुखणं आटोक्यात आल्यावरच. घरातल्या गुळगुळीत लाद्यांवर रबरी मॅट घाला, पंजांमधले केस कापा. लिफ्ट नसेल तर जिन्यावर पोटाखालून टॉवेलचा आधार द्या. दर महिन्याला मांडीचा घेर त्याच जागी टेपने मोजून लिहून ठेवा.

चालताना मागचा पंजा उलटा पडत असेल किंवा नखं पुढून घासली जात असतील, तर दुखणं मज्जारज्जूचं असू शकतं. तसं दिसलं तर उद्याच दाखवा.