पाणबुडीविरोधी, पाणबुडीरोधी की पाणबुडीभेदी?

‘अर्नाळा’, ‘माहे’ या नव्या देशी बनावटीच्या युद्धनौकांना बातम्यांमध्ये कुठे पाणबुडीविरोधी, कुठे पाणबुडीरोधी, तर कुठे पाणबुडीभेदी म्हटलेलं दिसतं. यांतला बरोबर शब्द कोणता, असा प्रश्न आला आहे.

माझं मत ‘पाणबुडीविरोधी’ला.

‘रोधी’ हिंदीतल्या ‘पनडुब्बी रोधी’वरून आलेला दिसतो. मराठीत आपण गतिरोधक, जलरोधक म्हणतो. रोधक म्हणजे जागच्या जागी राहून अडवणारा. महायुद्धांच्या काळात बंदरांच्या तोंडाशी पोलादी जाळी सोडत, ती खरी पाणबुडीरोधक. ही नौका मात्र शोध घेत फिरते. ‘सोनार’ या ध्वनिशोधक यंत्रणेने पाण्यात ध्वनी सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा, हे तिचं मुख्य काम. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात हा ध्वनी तळावर आणि पृष्ठभागावर आपटून विखुरतो, म्हणून तिथे पाणबुडी हुडकणं फार कठीण. त्यासाठीच अशा १६ नौकांची मागणी नौदलाने नोंदवली: ८ कोलकात्याच्या गार्डन रीचकडे, ८ कोचीन शिपयार्डकडे.

‘भेदी’ शब्द छानच आहे, पण तो शस्त्राला शोभतो. रणगाडाभेदी क्षेपणास्त्र रणगाड्याचं चिलखत भेदतं, तसा पाणतीर (टॉर्पेडो) पाणबुडीभेदी. तो सोडणारी नौका स्वतः काही भेदत नाही. ‘नाशक’ही नको, कारण ‘विनाशिका’ हा युद्धनौकांचा वेगळाच आणि बराच मोठा प्रकार आहे.

‘पाणबुडी’ देशी आणि ‘विरोधी’ संस्कृत, हा संकर कसा चालेल, अशी शंका काहींना येते. हुंडाविरोधी, दारूविरोधी हे शब्द आपण बिनदिक्कत वापरतोच की! फक्त ‘पाणबुडीविरोधी’ जोडून लिहा. ‘पाणबुडी विरोधी युद्धनौका’ असं तोडलं की पाणबुडी एकीकडे आणि विरोधी युद्धनौका, म्हणजे शत्रूची, दुसरीकडे असा अर्थ निघतो.

आणखी एक, मला मनापासून खुपणारी गोष्ट. १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झालेली पहिली नौका काही मराठी मजकुरांतही ‘अर्णाला’ छापली गेली. तिच्या ‘अर्णवे शौर्यम्’ या ब्रीदात ‘ण’ आहे, कारण अर्णव म्हणजे समुद्र. पण नाव वसईजवळच्या किल्ल्याचं आहे, आणि तो अर्नाळा. रोमन लिपीत ‘ळ’ हरवला म्हणून आपणही तो सोडायचं कारण नाही.