नियम सर्वांना एकच होता का, एवढेच विचारा

आपण लिहिले आहे की सार्वजनिक क्रीडांगणात सुरक्षारक्षकाने "वेळ संपली" असे सांगून आपल्या मुलीला झोपाळ्यावरून उतरवले व आपल्या कुटुंबाला बाहेर जायला लावले. शेजारच्या घसरगुंडीवर मुलांना खेळवणाऱ्या इतर कुटुंबांना मात्र त्याने हटकलेही नाही. हे वाचून जीव कळवळला, कारण माझ्या मुलाच्या वाट्यालाही हेच आले होते. झोपाळ्याच्या साखळ्या दोन्ही मुठींत घट्ट धरून तो "मी काय केलं?" असे पुन्हा पुन्हा विचारत होता.

आमच्या पहिल्या अर्जात सगळा भर रक्षकाच्या उर्मट बोलण्यावर होता आणि उत्तर आले की गैरसमज झाला असावा. दुसऱ्या अर्जात आम्ही दोनच गोष्टी विचारल्या: हा नियम कोठे लिहिलेला आहे, आणि त्या संध्याकाळी तो आणखी कोणाला लावला? त्यावर व्यवस्थापनाला नीट चौकशी करावी लागली. आपणही तेथूनच सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

रक्षक बहुधा ठेकेदाराने नेमलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा मैदान ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिच्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. तारीख, वेळ, रक्षकाचे नेमके शब्द व साक्षीदार आजच टिपून ठेवावेत. नियमफलकाचे छायाचित्र घ्यावे. त्यात इतरांची मुले येऊ देऊ नयेत. कॅमेऱ्यांचे चित्रीकरण बहुतेक ठिकाणी काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करावी.

संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क करारातील कलम 31 मुलांचा खेळण्याचा हक्क मान्य करते आणि कलम 2 प्रमाणे करारातील कोणताही हक्क भेदभावाविना मिळाला पाहिजे. हे अर्जात अवश्य लिहावे, म्हणजे आपण मेहेरबानी मागत नसून हक्काचे बोलत आहात हे वाचणाऱ्याला कळेल.

आणि मुलीला आजच जवळ घेऊन सांगा की तिचे काहीही चुकले नव्हते. अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता तिला पुन्हा त्याच झोपाळ्यावर घेऊन जा. माझा मुलगा त्यानंतर कित्येक दिवस फाटकापाशीच थबकत असे.