तीन पत्तीकडून पोकरकडे वळताना

आपण दिवाळीत तीन पत्ती खेळत आला असाल, तर टेक्सास होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकताना एक सवय आधी मोडावी लागेल: तिथे सिक्वेन्स कलरपेक्षा मोठा, इथे कलर मोठा. कारण साधे आहे. 52 पानांतून पाच पानांचा निव्वळ कलर 5,108 प्रकारे जुळतो, सिक्वेन्स 10,200 प्रकारे, आणि तीन पानांत हेच प्रमाण उलटते.

हा क्रम एका संध्याकाळी पाठ होतो. खरा अभ्यास पाने टाकून देण्याचा आहे. समजा, फ्लॉपची तीन सामाईक पाने उघडल्यावर हातातली पाने धरून आपल्याकडे चार बदाम आहेत, पॉटमध्ये 100 चिप्स आहेत आणि प्रतिस्पर्ध्याने 50 लावल्या. 150 मिळवण्यासाठी 50 घालायच्या, म्हणजे निदान 25 टक्के संधी हवी, पण न दिसलेल्या 47 पानांत बदाम नऊच, म्हणजे पुढच्या पानावर जेमतेम 19 टक्के. पुढे आणखी चिप्स मिळण्याची चिन्हे नसतील, तर पाने टाकावीत. (हे पचायला मला दोन वर्षे लागली.)

डीलरच्या बटणावर (पाने वाटणाऱ्याची जागा दाखवणाऱ्या चकतीपाशी) बसलेला खेळाडू फ्लॉपनंतर सर्वांत शेवटी निर्णय घेतो, म्हणून त्या जागेवरून थोडे अधिक डाव खेळावेत. सुरुवातीचे काही महिने मात्र पैशांऐवजी चिंचोके लावावेत.